वाचकांचे प्रश्न : यानुश गायोस, रणगाडा आणि रंगमंच

पोलंडचे नट यानुश गायोस यांच्याविषयी गेल्या काही आठवड्यांत आलेली पत्रे एकमेकांशी निगडित असल्याने ती या वेळी एकत्र घेतली आहेत. पोलिश नावे शक्य तितकी तिकडच्या उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

प्रश्न (पुणे) : फिल्म सोसायटीच्या खेळात किश्लोव्स्की यांचा १९९४चा 'थ्री कलर्स : व्हाइट' पाहिला. त्यात नायकाला मदत करणारा मिकोवाय हा मध्यमवयीन गृहस्थ लक्षात राहिला. हे नट पोलंडमध्ये मुख्यतः दूरदर्शनमुळे प्रसिद्ध आहेत, असे खेळानंतरच्या चर्चेत कोणी तरी म्हणाले. हे खरे आहे काय?

उत्तर : खरे आहे, आणि 'दूरदर्शनमुळे' हा शब्द त्यांच्या बाबतीत दोन अर्थांनी लागू पडतो, हे पुढील उत्तरांत स्पष्ट होईल. आपण पाहिलेल्या चित्रपटात गायोस यांच्या वाट्याला आलेली भूमिका मोठी नाही, परंतु तिच्यातील एक प्रसंग त्यांची पद्धत समजून घेण्यास पुरेसा आहे. मिकोवाय हा पत्त्यांतील ब्रिजचा निष्णात खेळाडू पॅरिसच्या भुयारी स्थानकात कंगव्यावर पोलिश गाणे वाजवणाऱ्या नायकाला, म्हणजे कारोलला, ओळख देतो आणि त्याला आपल्या सामानाच्या पेटीतून मायदेशी पोहोचवतो. पुढे वॉर्सामध्ये तो पैसे देऊन स्वतःलाच मारण्याचे काम कारोलवर सोपवतो. कारोल त्याच्या छातीला पिस्तूल लावून चाप ओढतो, परंतु पहिली गोळी पोकळ असते. 'पुढची खरी आहे, नक्की ना?' अशा अर्थाचा प्रश्न तो करतो, तेव्हा मिकोवाय नकार देतो आणि ठरलेले पैसे मात्र देऊन टाकतो. या सगळ्या प्रसंगात गायोस यांच्या चेहऱ्यावर फारसे काही घडत नाही. डोळे मिटलेला, कलंडलेला माणूस डोळे उघडतो तेव्हा त्याला जिवंत असल्याचा आनंद झालेला नसतो, तर किंचित ओशाळल्यासारखे झालेले असते. लगेच नंतर हे दोन प्रौढ पुरुष गोठलेल्या नदीवर शाळकरी मुलांप्रमाणे घसरगुंडी खेळतात, आणि तो आनंद खरा वाटतो तो आधीच्या या ओशाळलेपणामुळेच.

गायोस यांचा जन्म २३ सप्टेंबर १९३९चा, म्हणजे जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरल्यानंतर तीन आठवड्यांनी, दक्षिणेकडील कोळसा खाणींच्या पट्ट्यातील दोंब्रोवा गुर्निचा या गावचा. वूच शहरातील चित्रपट व नाट्य विद्यालयाने त्यांना सहजासहजी घेतले नाही. प्रवेशपरीक्षेत ते तीनदा अनुत्तीर्ण झाले आणि चौथ्या खेपेस निवडले गेले. मधल्या काळात त्यांनी बेंजिन येथे यान डोर्मान यांच्या मुलांच्या नाट्यगृहात कळसूत्री बाहुल्या हाताळल्या आणि सक्तीची लष्करी सेवाही केली. १९६५मध्ये ते पदवीधर झाले. त्यांना ओळखणारे पोलिश प्रेक्षक मात्र त्यांच्या चरित्राची सुरुवात १९६६पासून धरतात.

प्रश्न (नाशिक) : १९६६च्या त्या मालिकेविषयी लिहावे. एका मालिकेने नटाचे एवढे काय बिघडवले?

उत्तर : मालिकेचे नाव 'चौघे रणगाडेवाले आणि कुत्रा' असे करता येईल. यानुश प्शिमानोव्स्की या लष्करी लेखकाच्या कादंबरीवरून कोनराद नावेंत्स्की यांनी ती मुख्यत्वे दिग्दर्शित केली. १९६६ ते १९७० या काळात तीन टप्प्यांत तिचे २१ भाग झाले, सगळे कृष्णधवल. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत भूमीवर उभ्या राहिलेल्या पोलिश सैन्यातील 'रूदी १०२' नावाचा रणगाडा, त्यातील चौघांची तुकडी आणि शारिक हा कुत्रा रशियापासून बर्लिनपर्यंत जातात, असा तिचा मार्ग आहे. गायोस यांनी यानेक कोस या पोरसवदा सैनिकाची भूमिका केली. तो वडिलांच्या शोधात निघालेला आहे, नेमबाजीत तरबेज आहे, आणि मारूस्या नावाच्या रशियन परिचारिकेवर त्याचे प्रेम आहे. त्याचे सोबती झाले होते रोमान विल्हेल्मी, फ्रांचिशेक प्येच्का आणि व्वोजिम्येश प्रेस. विल्हेल्मी यांचे पात्र पहिल्या टप्प्याच्या शेवटी मारले गेल्यावर त्या जागी व्येस्वाव गोवास आले.

मालिका चालली म्हणजे किती चालली, याची कल्पना येण्यासाठी एवढे सांगणे पुरे की, मुलांनी गावोगावी आपापल्या 'रणगाडा तुकड्या' स्थापन केल्या, आणि दूरदर्शनने त्या खुळाला खतपाणी घालून रीतसर मंडळेच सुरू केली. तेव्हा पोलंडमध्ये पाहण्याजोगे असे काही ठरावीक दिवशी ठरावीक वेळी एकाच वाहिनीवर लागत असे. त्यामुळे जे लोकप्रिय होई ते सगळ्यांचेच होई आणि ते टाळण्याची सोय नसे. मालिका पुढेही सुट्ट्यांच्या दिवसांत पुनःपुन्हा दाखवली गेली, म्हणजे प्रत्येक नव्या पिढीतील मुलांना गायोस प्रथम भेटले ते यानेक म्हणूनच. तिसरा टप्पा संपला तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती आणि पडद्यावर ते अजून पोरगेलेच होते.

बिघडले ते इथे. अत्यंत गोड, धीट, निरागस मुलगा असा शिक्का त्यांच्यावर बसला, आणि गंभीर दिग्दर्शकांना तो चेहरा आपल्या कथेत आणणे म्हणजे रणगाडाच आत आणण्यासारखे वाटू लागले. चित्रपट अजिबात मिळाले नाहीत असे नव्हे, पण साठच्या दशकाच्या अखेरीस आणि सत्तरच्या दशकात पोलिश चित्रपटात जे महत्त्वाचे घडत होते, त्यात त्यांना जागा नव्हती. एक बारकावा येथे नोंदवण्याजोगा आहे. या शिक्क्यातून सर्वांत आधी आणि सर्वांत स्वच्छ सुटले ते विल्हेल्मी, कारण त्यांचे पात्र आठव्या भागातच मेले. पडद्यावरचे अकाली मरण नटाला असे पथ्यावर पडते, याचे इतके चांगले उदाहरण आम्हाला दुसरे ठाऊक नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : दुसऱ्या महायुद्धात आमच्या वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत होती आणि ती माणसे सायबेरियातून आली होती, हे घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. या मालिकेचा नायकही सायबेरियातूनच निघतो, असे वाचले. दोन्ही कथा एकच आहेत काय?

उत्तर : प्रश्न मार्मिक आहे. दोन्ही कथांचा उगम एकच आहे, पण मालिकेने तो उगमच झाकून ठेवला आहे. १९३९मध्ये पोलंडचा पूर्वभाग सोव्हिएत संघाने ताब्यात घेतला आणि १९४० व १९४१मध्ये तेथील लक्षावधी पोलिश नागरिकांना कुटुंबांसह मालगाड्यांत भरून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडील जंगलांत हद्दपार केले. हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर या लोकांना 'माफी' मिळाली आणि त्यांच्यातून जनरल आंदेर्स यांनी सैन्य उभे केले. हे सैन्य १९४२मध्ये आपल्याबरोबर बायका-मुलांचे तांडे घेऊन इराणात उतरले. तेथून जी माणसे हिंदुस्थानात आली, त्यांच्यापैकी सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्यास राहिले. जे आंदेर्स यांच्याबरोबर निघू शकले नाहीत, त्यांना घेऊन १९४३च्या मे महिन्यात ओका नदीकाठी सेल्त्सी येथे मॉस्कोच्या देखरेखीखाली दुसरे पोलिश सैन्य उभारले गेले. यानेक कोस भरती होतो तो या दुसऱ्या सैन्यात.

मालिकेत मात्र हा पोलिश मुलगा सोव्हिएत अतिपूर्वेच्या रानात कसा पोहोचला, याचा धड उलगडा होत नाही. तो एका प्रेमळ वृद्ध शिकाऱ्याजवळ राहत असतो, एवढेच दिसते. हद्दपारी, श्रमछावण्या आणि कातिनच्या जंगलात सोव्हिएत सुरक्षा दलांनी गोळ्या घातलेले हजारो पोलिश अधिकारी यांचा उच्चार १९६६च्या पोलिश दूरदर्शनवर होणे शक्यच नव्हते. म्हणूनच १९८९नंतर युद्धातील ज्येष्ठ सैनिकांच्या संघटनांनी मालिकेवर इतिहासाचे विकृतीकरण केल्याचा आरोप केला आणि काही काळ सरकारी वाहिनीने तिचे प्रक्षेपण थांबवलेही. तरीही ती लोकांच्या मनातून गेली नाही. ज्यांच्या आजी-आजोबांना मालगाडीत घातले गेले, त्यांची नातवंडेही शारिकचे नाव ऐकून हसतात. या विसंगतीबद्दल पोलिश लोक आपापसात आजही वाद घालतात, आणि आमच्या मते दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. तात्पर्य, वळिवड्यातील मुले आणि पडद्यावरचा यानेक एकाच आगगाडीतले प्रवासी आहेत. त्यांच्यापैकी खरी मुले निघाली त्या स्थानकाचे नाव पडद्यावरच्या मुलाला घेता आले नाही.

प्रश्न (मुंबई) : मी हौशी रंगभूमीवर काम करते. एका भूमिकेचा शिक्का पुसून काढणे गायोस यांना नेमके कसे जमले, हे तपशिलाने सांगावे.

उत्तर : त्यांच्यावर शिक्का दूरदर्शनने मारला आणि पुसलाही मुख्यतः दूरदर्शननेच. मोठ्या पडद्याने त्यांना परत बोलावले ते पुष्कळ उशिरा, आणि तेही लहान पडद्यावर धोका पत्करून झाल्यावर.

पहिली पायरी विनोदाची होती. १९७७पासून ओल्गा लिपिन्स्का यांचा व्यंग्यप्रधान 'कॅबरे' दूरदर्शनवर सुरू झाला. मोडकळीस आलेल्या नाटकमंडळीचा पडद्यामागचा गोंधळ, आणि त्याआडून एकूण देशाचीच टिंगल, असे त्याचे स्वरूप होते. त्यात गायोस नाट्यगृहातील तुरेत्स्की नावाचा शिपाई झाले. हा मठ्ठ, अडेलतट्टू आणि स्वतःच्या मठ्ठपणावर खूश असणारा माणूस आहे. ज्या देशाने त्यांना दहा वर्षे सोनेरी केसांचा वीर म्हणून पाहिले, त्या देशाला त्यांनी आपला चेहरा बावळट करून दाखवला. नायकपद भोगलेल्या नटाला हे करणे जड जाते, कारण लोक हसले म्हणजे ते आपल्याला हसतात की पात्राला, हा संशय सुटत नाही. गायोस यांनी तो संशय पोसलाच नाही. तुरेत्स्की इतका पक्का जमला की, काही काळ नवा शिक्का बसण्याची वेळ आली. पण दोन परस्परविरोधी शिक्के एकाच कपाळावर टिकत नाहीत, हा त्यातला फायदा होता.

दुसरी पायरी १९८१ची. फिलिप बायोन यांच्या 'लंबक' या दूरदर्शनपटात त्यांनी आई आणि बहिणीसोबत कोंदट घरात राहणारा, स्तालिनकाळातील बालपणाच्या भीतीतून न सावरलेला आजारी पुरुष उभा केला. जाणकारांना हा नट वेगळाच असल्याचे प्रथम येथे कळले.

त्यानंतर लगेच रिशार्द बुगायस्की यांचा 'चौकशी' हा चित्रपट आला. आला असे म्हणणेही चूकच, कारण १९८२मध्ये तयार झालेला हा चित्रपट बंदी घालून कपाटात ठेवला गेला. पोलंडमध्ये १३ डिसेंबर १९८१पासून लष्करी कायदा लागू होता आणि चित्रपटाचा विषय होता पन्नासच्या दशकाच्या आरंभीचा राजकीय तुरुंग. एका गायिकेला उगाचच पकडून नेतात आणि वर्षानुवर्षे तिच्याकडून कबुलीजबाब उकळण्याचा प्रयत्न करतात. क्रिस्तिना यांदा यांनी ही गायिका साकारली आणि तिला छळणारा मेजर झवादा गायोस यांनी. कैदी ज्याला 'न्हाणीवाला' म्हणतात असा हा अधिकारी आहे, कारण पाण्याने भरत जाणारी कोठडी हे त्याचे हत्यार. गायोस त्याला राक्षस करत नाहीत. कामाला आलेला, थकवा येऊ न देणारा, गरजेपुरते हसणारा कारकून असावा तसा तो वागतो. आवाज चढतो तोही हिशेबाने चढतो, आणि त्यामुळे पाहणाऱ्याला सुटका राहत नाही. चोरून काढलेल्या व्हिडिओ कॅसेटवरून हा चित्रपट घरोघरी पाहिला गेला. लष्करी कायदा लागू झाल्याला बरोबर आठ वर्षे झाली त्या दिवशी, १३ डिसेंबर १९८९ रोजी, त्याचा रीतसर खेळ झाला आणि १९९०मध्ये कान महोत्सवात यांदा यांना अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ज्या राजवटीच्या सैन्याचा गणवेश घालून गायोस मुलांचे लाडके झाले, त्याच राजवटीच्या सुरक्षा खात्याचा गणवेश घालून त्यांनी त्या काळाची दुसरी बाजू दाखवली. यानेकला ओळखणाऱ्या प्रेक्षकाला झवादा दुप्पट बोचतो, हे बुगायस्कींना ठाऊक नसेल असे वाटत नाही.

तिसरी पायरी, आणि आपल्याला रंगभूमीवर काम करणारी म्हणून कदाचित सर्वांत उपयोगी वाटेल ती, 'दूरदर्शन नाट्यगृहा'ची. पोलिश दूरदर्शनने १९५३पासून स्टुडिओतून नाटके दाखवण्याची प्रथा पाडली. आरंभी ती थेट प्रक्षेपित होत, नंतर चित्रफितीवर येऊ लागली, आणि सोमवारची संध्याकाळ हा नाटकाचा वार ठरून गेला. त्यात अभिजात तसेच समकालीन नाटके देशातील उत्तम नटांना घेऊन होत. दिग्दर्शक काझिम्येश कुत्स यांनी १९८७मध्ये येथे 'हॉलिवूडच्या कथा' केली. एदन फोन होर्वाट हा नाटककार १९३८मध्ये पॅरिसला वादळात झाडाची फांदी अंगावर पडून मेला. तो मेलाच नाही, अमेरिकेत जाऊन निर्वासित जर्मन लेखकांत वावरला, अशी कल्पना या नाटकात आहे. गायोस होर्वाट झाले आणि कॅमेऱ्याकडे पाहून प्रेक्षकाशी बोलत राहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, इतर मोठ्या लोकांच्या सावलीत उरलेल्या या माणसाची उपरोधिक खिन्नता ते अगदी जवळून, जवळजवळ कुजबुजीच्या पट्टीत मांडतात. शेवटच्या ओळीपर्यंत आवाज पोहोचवण्याची गरज नसलेले हे नाटक आहे, आणि नाटकाचे वाक्य चित्रपटाच्या अंतरावरून बोलण्याची ही हातोटी त्यांच्याइतकी थोड्यांना साधली.

१९९०मध्ये याच जोडीने 'चार हातांचे रात्रभोजन' केले. बाख आणि हेंडेल हे समवयस्क संगीतकार प्रत्यक्षात कधी भेटले नाहीत. १७४७मध्ये ते लाइपझिगला एका मेजावर भेटले असते तर, अशी त्याची कल्पना आहे. कीर्ती आणि पैसा मिळवलेला हेंडेल होता रोमान विल्हेल्मी यांचा आणि संकोची, कर्जबाजारी वाटावा असा, पण आतून आपली योग्यता ओळखून असलेला बाख गायोस यांचा. सोबतीला श्मिट या सेवकाच्या कामात येझी त्रेला. एके काळी एकाच रणगाड्यात बसलेले दोन नट येथे समोरासमोर बसून एकमेकांचा हेवा करतात. विल्हेल्मी पुढच्याच वर्षी गेले. पोलिश अभिनय म्हणजे काय हे कोणाला एकाच बैठकीत दाखवायचे झाल्यास आम्ही हेच दाखवू.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : त्याच सुमारास गाजलेल्या कॅप्टन क्लोस या हेराच्या मालिकेतील नटाचे पुढे काय झाले?

उत्तर : स्तानिस्वाव मिकुल्स्की. जर्मन अधिकाऱ्याच्या वेषातील गुप्तहेर क्लोस ही १८ भागांची मालिका १९६७-६८मध्ये चित्रित झाली. त्याआधी हेच पात्र त्यांनी दूरदर्शन नाट्यगृहात वठवले होते. दिग्दर्शक आंजेय वायदा यांच्या १९५७च्या 'कनाल' या चित्रपटातही ते होते, तेव्हा गुणांची उणीव नव्हती. रंगभूमीवर त्यांनी पुष्कळ काम केले, परंतु लोकांसाठी ते जन्मभर क्लोसच राहिले, आणि २०१२च्या एका चित्रपटात, ऐंशी उलटल्यावर, पुन्हा क्लोस म्हणूनच पडद्यावर आले. २०१४मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी आपल्या पात्राशी समझोता केला, गायोस यांनी भांडण केले. समझोत्यात काही कमीपणा आहे असे आम्ही मानत नाही.

प्रश्न (ठाणे) : एवढ्या मालिका आणि चित्रपट करताना गायोस यांनी नाटक सोडले होते काय? आपल्याकडे नट मालिकेच्या तारखा आणि नाटकाचे प्रयोग यांच्यात ओढला जातो.

उत्तर : सोडले नाही, आणि त्याला तेथील व्यवस्थाही कारण आहे. पोलंडमध्ये मोठी नाट्यगृहे सरकार किंवा नगरपालिका चालवते. नट तेथे पगारी सभासद असतो, आणि एकाच महिन्यात तीच मंडळी आळीपाळीने निरनिराळी नाटके करते. आपल्याकडे निर्माता नाटक उभे करतो, प्रयोग जितके लागतील तितके लागतात आणि नटाला मानधन प्रयोगावर मिळते. त्यामुळे मालिका चालू असताना नाटक परवडत नाही ते पैशापेक्षा दौऱ्यांमुळे. गायोस मात्र दिवसा चित्रीकरण आणि संध्याकाळी आपल्याच शहरातील आपल्याच नाट्यगृहात प्रयोग, असे दशकानुदशके करू शकले. वूचच्या याराच नाट्यगृहात १९६५मध्ये सुरुवात करून १९७०च्या सुमारास ते वॉर्सास आले. तेथे काही मंडळ्या बदलल्यावर १९८५पासून 'पोव्शेख्नी' नाट्यगृहात आणि २००३पासून राष्ट्रीय नाट्यगृहात होते. आंजेय श्चिप्योर्स्की यांच्या कादंबरीवर आधारलेला 'आरास नगरीसाठी प्रार्थना' हा त्यांचा एकपात्री प्रयोग फार नावाजला गेला. पंधराव्या शतकातील रोगराई आणि उपासमारीनंतर एक शहर ज्यूंवर आणि चेटकिणींवर कसे तुटून पडते, याची ही साक्ष एकटा माणूस देतो. ज्या विद्यालयाने त्यांना तीनदा परत पाठवले, तेथेच पुढे त्यांनी अभिनय शिकवला.

चित्रपटांपैकी वायदा यांचा २००२चा 'सूड' आपण अवश्य पाहावा, कारण तेथे रंगभूमी आणि पडदा एकत्र आले आहेत. अलेक्सांदेर फ्रेद्रो यांची ही पद्यमय सुखात्मिका पोलिश मुलांना शाळेत वाचावी लागते. एका पडक्या गढीच्या मधल्या भिंतीवरून दोन शेजारी भांडतात. त्यांतील तापट जहागीरदार गायोस यांचा, थंड डोक्याचा आंजेय सेवेरिन यांचा, आणि फुशारक्या मारणारा पापकिन खुद्द रोमान पोलान्स्की यांचा आहे. आठ अक्षरांची ओळ गायोस अशी बोलतात की, यमक कानावर आदळत नाही आणि हरवतही नाही. जहागीरदार पत्र सांगू लागतो आणि लेखनिकाची तारांबळ उडते, तो प्रसंग पाहताना भाषा न कळणाऱ्यालाही हसू येते.

राहिलेले थोडक्यात. वोयचेख मार्चेव्स्की यांच्या १९९०च्या चित्रपटात, जिथे पडद्यावरची पात्रे संवाद बोलण्यास नकार देतात, ते थकलेले सरकारी सेन्सॉर अधिकारी झाले. २०००मध्ये यानुश मोर्गेन्श्टेर्न यांच्या 'पिवळा स्कार्फ' या दूरदर्शनपटात दारू सुटता न सुटणारा यशस्वी गृहस्थ त्यांनी केला. नाताळच्या संध्याकाळी म्हाताऱ्या आईच्या घरी शुद्धीत पोहोचायचे, एवढाच त्याचा निश्चय असतो. दारुड्याच्या भूमिकेत नट झिंगून दाखवतात, गायोस उलट शुद्धीवर असल्याचे दाखवण्याची धडपड करतात, आणि ती जास्त खरी वाटते. माउगोझाता शुमोव्स्का यांच्या २०१५च्या 'बॉडी'मध्ये ते मुलीशी बोलणे तुटलेले विधुर सरकारी वकील आहेत. वोयचेख स्मझोव्स्की यांच्या २०१८च्या 'क्लेर'मध्ये ते सत्तालोलुप आर्चबिशप झाले. चर्चवर थेट बोट ठेवणारा हा चित्रपट पोलंडमध्ये पन्नास लाखांहून अधिक लोकांनी चित्रपटगृहांत जाऊन पाहिला, आणि तो पाहून आलेल्या तरुणांपैकी अनेकांना हे गृहस्थ कधी काळी रणगाड्यात बसत असत, हे आईवडिलांकडून कळले.